सहाव्या पकडीपर्यंत

नाव सुकुमार ठेवलं तुझ्या आज्जीनं,
आणि पोटाला लागलास राक्षसांच्या पोटऱ्या रगडून.
असू दे.

फेब्रुवारीत तुझा पहिला सामना.
तिकडं रात्रीचे आठ, इकडं दीड वाजलेला.
तालमीच्या ओट्यावर मी, घोंगडं,
आणि यशोधरचा मोबाईल विटेला टेकवून उभा.
पडद्यावर चिखल, वाफ सोडणारी माणसं,
आणि कडेनं निळ्या जाकिटात
पाण्याच्या बाटल्या घेऊन पळणारा तू.
दोन सेकंद दिसलास.
सकाळी गंगावेशीत, धारोष्ण दुधाचा पेला हातात घेऊन
मी सांगितलं, चांगला दहा मिनिटं दिसला.

खेळ कळायला महिना गेला.
पुढं जायचं, पण चेंडू मागंच टाकायचा,
हे काय सरळ माणसाचं काम नाही.
आमच्यात पाठ टेकली की संपलं.
माती झाडत गडी घरी जातो,
बायको काही विचारत नाही, ताट वाढते.
तुमच्यात तिघं-तिघं अंगावर पडून पाठ टेकवतात
आणि हा उठतो,
चेंडू टाचेखालून मागं सरकवतो,
पुन्हा तेच.
सहा वेळा.
सहाव्यांदा पडला की चेंडू दुसऱ्याचा.
कुणी काढला असेल हा आकडा?
मी बसल्या बसल्या माझ्या बोटांवर मोजून बघितलं.
चौथं बोट दुमडलं आणि थांबलो.

मार्चअखेर तिकडं घड्याळं पुढं सरकवली,
मला रात्रीचा एक तास परत मिळाला.
इंग्रजानं दिलेली ही पहिलीच वस्तू.
तोवर आठ सामने, आठ हार.

तो तुमचा ओवेन, चौतिशीचा,
नाक दोनदा मोडलेलं, कान आपल्यासारखे चुरगळलेले.
पहाटे फोन केलास, 'मामा, गुडघ्याची सूज उतरत न्हाई.'
गुडघ्याला हात लावू नको म्हटलं.
मांडीच्या मागं, बैठका मारताना जी शीर ओढते ती धर.
अंगठा नको, कोपर.
त्यानं श्वास सोडला की दाब.
मला वस्तादांनी शिकवलं होतं,
त्यांना कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही.
शुक्रवारी ओवेन पळाला.
हरलात. पण पळाला.

जुलैत पंचगंगा चढली.
राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा,
त्रेचाळीस म्हणजे धोका.
तुमच्याही तक्त्यात तळाशी एक रेघ असते म्हणे,
तिच्याखाली गेलं की खालच्या वर्गात.
चार दिवस वीज नव्हती.
ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करून ऐकायचो तुझा आवाज,
'मामा, बावीस-सहा.'
उलट सांगायचो, 'साडेचव्वेचाळीस.'
एवढ्यावर दोघांचं भागायचं.

शेवटचा सामना सप्टेंबरात.
गोलखांबांच्या मागं बंद गिरणीची चिमणी दिसली,
मला वाटलं, शाहू मिलच.
दोन गुणांनी मागं, तीन मिनिटं बाकी.
ओवेन आत घुसला, पडला, उठला,
पडला, उठला.
ओट्यावर पोरं मोजत होती मोठ्यानं,
पाचला त्यांचा आवाज बसला.
सहाव्याला लाथ, आणि चेंडू रेघेबाहेर.
पडद्यावर तू बाटल्या गोळा करत होतास,
एकेक, झाकणं लावून.

'मामा, पुढच्या सालाचं कुणी काय बोलंना.'
मी विचारलं, जेवलास का?

पुराच्या पाण्यानं हौद्याचा चिखल झाला होता.
काल नवी तांबडी माती पडली.
ताक, तेल, हळद ओतून उकरली,
लिंबं चिरायची राहिली होती, कडेला ढीग.
यशोधरच्या धाकट्याला कुणीतरी ढाकेवर मारला,
चितपट, पाठ पुरी टेकली.
आम्ही पुढच्या जोडीकडं बघायला लागलो.
तर हा उठला,
एक लिंबू टाचेखाली घेतलं
आणि मागं सरकवलं.

मी म्हटलं, एक.